लॅकरचं फर्निचर आणि मुंबईची हवा : वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की लाकडी सामानाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी लॅकरच्या आणि पॉलिशच्या फर्निचरबद्दल विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिलं उत्तर मात्र सगळ्यांनीच वाचा, कारण पुढची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आणि दोन वर्षांपूर्वी करून घेतलेलं टीव्ही युनिट, दोन्हींवर 'लॅकर' आहे असं सुतार म्हणतो. दोन्ही एकाच लिक्विडने पुसली तर चालेल का?
– एक वाचक, विलेपार्ले

नाही. निदान दोन्हींवर नक्की काय मारलंय हे कळेपर्यंत तरी नको. मुंबईत सुतार सरसकट ज्याला लॅकर म्हणतो ते चारांपैकी काहीही असू शकतं. पहिलं चपडीचं पॉलिश, म्हणजे लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या पुरचुंडीने चढवलेलं फ्रेंच पॉलिश. दुसरं एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं, थिनरमध्ये पातळ करून गनने मारलेलं. तिसरं मेलामाइन. चौथं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. आजोबांच्या कपाटावर बहुधा पहिलं असेल आणि टीव्ही युनिटवर तिसरं किंवा चौथं.

यातला फरक चकाकीचा नाही, वाळण्याच्या पद्धतीचा आहे. चपडी आणि एनसी नुसतीच वाळतात. स्पिरिट किंवा थिनर उडून जातं आणि मागे थर राहतो. म्हणून तेच स्पिरिट किंवा तेच थिनर पन्नास वर्षांनी जरी पुन्हा लागलं तरी थर विरघळतो. मेलामाइन आणि पीयूमध्ये हार्डनर मिसळलेला असतो. तो थर रासायनिक क्रियेने पक्का होतो आणि नंतर स्पिरिटला दाद देत नाही. साहजिकच टीव्ही युनिटवर निर्धोक असलेला काच पुसायचा स्प्रे आजोबांच्या कपाटावर मारला की त्यातलं अल्कोहोल आणि अमोनिया मिळून पॉलिश उतरवतात. लाख अल्कोहोलमध्ये तर विरघळतेच, शिवाय क्षारातही विरघळते. सोडा, कपड्यांची पावडर, अमोनिया ही सगळी मंडळी तिची शत्रू. सॅनिटायझरही त्यातच आला. टेबलावर सॅनिटायझरची बाटली ठेवून ठेवून पडलेल्या गोल खुणांची पत्रं आम्हाला अजून येतात.

ओळखायची रीत सोपी आहे. मागच्या पायाची आतली बाजू किंवा ड्रॉवरची खालची कड अशी न दिसणारी जागा निवडा. आधी तिथे रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनचा बोळा फिरवून जुनं मेण आणि मळ काढून टाका, नाहीतर चाचणी फसते. मग कानकाडीच्या कापसावर डिनेचर्ड स्पिरिटचा एक थेंब घेऊन अर्धा ते एक मिनिट तिथे दाबून धरा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन वगैरे असतं. कापूस चिकटला, त्यावर तपकिरी रंग आला तर ती चपडी. काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी तसाच एनसी थिनरचा थेंब लावून पाहा. पृष्ठभाग मऊ पडला, बोट लावल्यावर ठसा उमटला तर एनसी लॅकर. दोन्हींनी काहीच बिघडलं नाही तर मेलामाइन किंवा पीयू. या दोघांत फरक करायची स्वच्छतेपुरती गरज नाही.

एक गंमत म्हणजे पुष्कळदा ज्याची काळजी घ्यायची ते लॅकर नसतंच. मॉड्युलर किचनवाले ज्याला 'लॅकर फिनिश' म्हणतात ती बऱ्याचदा मागून रंग दिलेली काच असते, किंवा नुसतं चकचकीत लॅमिनेट. शटरच्या कडेला, जिथे दोन पृष्ठभाग भेटतात तिथे, बारीक गडद रेघ दिसली की ते लॅमिनेट समजा. काच ओळखायला नख वाजवून पाहिलं की पुरतं.

आता चारही प्रकारांना चालेल अशी पुसायची पद्धत. आधी धूळ उचला, घासू नका. बांधकामांमुळे आणि रस्त्यांच्या कामांमुळे मुंबईच्या धुळीत सिमेंटचे आणि वाळूचे कण भरपूर असतात. कोरड्या फडक्याने जोरात पुसलं की तेच कण पॉलिश पेपरचं काम करतात. एक इंची मऊ रंगाचा ब्रश घ्या आणि कोरीवकामातून, खाचांतून धूळ खाली झाडा. व्हॅक्यूम असेल तर त्याचं तोंड शेजारी धरा. नंतर एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, जुन्या मलमलीचं किंवा बनियनचं कापड त्यात बुडवून इतकं पिळा की मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये. लाकडाच्या रेषांच्या दिशेने हातभर भाग पुसा, लगेच साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने पुसा, लगेच कोरड्याने. मग पुढचा हातभर. अख्खं दार ओलं करून मग कोरडं करायला जाऊ नका. पाणी व्हिनियरच्या, म्हणजे वरून चिकटवलेल्या पातळ लाकडी थराच्या, सांध्यात शिरायला तेवढा वेळ पुरतो. धूळ आठवड्याला झाडली आणि ओलं पुसणं महिन्यातून एकदा केलं तरी पुष्कळ झालं.

शिसवी टेबलावर गरम पातेलं ठेवलं गेलं आणि पांढरं वर्तुळ उमटलं. पॉलिशवाला म्हणतो, पूर्ण टेबल खरवडावं लागेल. दुसरा उपाय आहे का?
– एक वाचक, गिरगाव

आहे, आणि खरवडायची घाई अजिबात करू नका. डाग पांढरा आहे याचा अर्थ ओल फक्त पॉलिशच्या थरात अडकली आहे, लाकूड शाबूत आहे. लाख साधारण सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. गॅसवरून उतरवलेलं पातेलं त्याहून खूप गरम असतं. मऊ पडलेल्या थरात वाफ शिरते, थर गार होताना ती आत कोंडली जाते आणि प्रकाश विखुरल्याने धुरकट पांढरं दिसतं. डाग काळा असता तर गोष्ट वेगळी होती. काळा म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचून लाकडातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोखंडाशी गाठ पडली. त्याला पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिडने धुवावं लागतं. ते विषारी असतं, ते काम कारागिराकडेच द्या.

पांढऱ्या डागासाठी या क्रमाने जा, आणि डाग गेला की तिथेच थांबा.

दोन दिवस नुसतं उघडं ठेवा. वर टेबलक्लॉथ नको, पंखा चालू. ताजा डाग पुष्कळदा एवढ्यानेच निम्मा होतो.

मग हेअर ड्रायर सगळ्यात कमी गरमीवर, वीतभराहून थोडं जास्त अंतरावर धरून सतत फिरवत राहा. पाच-पाच मिनिटांनी हात लावून पाहा, हाताला चटका बसेल इतकं तापू देऊ नका. एका जागी धरून ठेवलंत तर नवं वर्तुळ तयार होईल. काही घरांत डागावर कापड ठेवून इस्त्री फिरवतात. चपडीवर ते नको, कापडाची वीण पॉलिशमध्ये कायमची उमटते.

तरीही राहिला तर उदबत्तीची राख मलमलीतून चाळून घ्या, त्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब घालून लेप करा आणि बोटावर मऊ कापड गुंडाळून रेषांच्या दिशेने हलकेच चोळा. अर्ध्या मिनिटाने पुसून पाहा. राख अतिशय बारीक घासते आणि डाग वरच्या थरातच असेल तर निघतो. तिथे चमक थोडी उतरेल, ती मेणाने भरून येते. पांढरी टूथपेस्टही हेच काम करते, पण तिचे कण काही वेळा जाडे असतात आणि ती खाचांत सुकून बसते.

शेवटचा उपाय स्पिरिटचा, आणि तो फक्त चाचणीत चपडी निघाली असेल तरच. कापसावर स्वच्छ सुती कापड गुंडाळून बांधा, त्यावर स्पिरिटचे काही थेंब टाका आणि तळहातावर टेकवून पाहा. ओलसर गारवा जाणवावा, हात ओला दिसू नये. मग डागावरून एका दिशेने, न थांबता, एक झटका. तीस सेकंद थांबा. पुन्हा एक. चार-पाच झटक्यांत वरचा थर किंचित विरघळून पुन्हा बसतो आणि कोंडलेली ओल निघून जाते. मध्येच हात थांबला तर कापड चिकटलंच म्हणून समजा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि देवाजवळचा दिवा दोन्ही बंद. आणि हे काम पावसाच्या दिवशी करू नका, त्याचं कारण गणपतीच्या प्रश्नात दिलं आहे.

डायनिंग टेबल खराब होऊ नये म्हणून त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक अंथरलं होतं. काढायला गेलो तर ते चिकटलं आहे आणि निघालं तिथे पॉलिश चिकट झालं आहे.
– एक वाचक, बोरिवली

टेबल वाचवायला टाकलेल्या प्लास्टिकनेच टेबल खराब होतं, हे मुंबईतलं नेहमीचं चित्र. ते प्लास्टिक पीव्हीसीचं असतं. मूळ पीव्हीसी कडक असतं, त्याला लवचीक करायला त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर घालतात. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि खालच्या थराला मऊ करतं. एनसी लॅकरवर हा परिणाम सगळ्यात जास्त, चपडीवरही होतो, मेलामाइनवर क्वचित आणि पीयूवर जवळपास नाही. तुमचं टेबल बहुधा एनसीचं असावं. टीव्हीखालचे रबरी पाय, फुलदाणीखालची रबरी चकती आणि रबरी मॅट यांचाही हाच उपद्रव.

शीट खेचू नका. पंख्याखाली टेबल गार असताना एका कोपऱ्यातून सुरुवात करा आणि शीट स्वतःवरच उलटी दुमडत, टेबलाला जवळजवळ समांतर ओढत, सावकाश सोडवा. सरळ वर ओढलं तर पॉलिशचे पापुद्रे घेऊन येतं. अडलेल्या ठिकाणी कडेने प्लास्टिकचं जुनं कार्ड सरकवा. सगळं निघाल्यावर टर्पेंटाइन लावलेल्या कापडाने एकदाच पुसा आणि टेबल दोन-तीन आठवडे उघडं राहू द्या. शोषलेलं प्लास्टिसायझर थोडंफार उडून जाऊन थर पुन्हा टणक होऊ शकतो. या काळात त्यावर वर्तमानपत्र ठेवलंत तर शाई छापून येईल. तीन आठवड्यांनीही नखाचा ठसा उमटत असेल तर मात्र तो थर गेला. खरवडून नवं पॉलिश हाच मार्ग. चिकट थरावर नुसता नवा हात मारून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, वरचा हात खालच्या मऊ थरावर तडकतो.

नवं करताना डायनिंग टेबलावर पीयू घ्या. रोजच्या आमटीभाताला आणि गरम ताटांना तेच टिकतं. त्यावर सुती टेबलक्लॉथ, गरम भांड्याखाली लाकडी किंवा वेताची बैठक. काच टाकायची हौस असेल तर खाली पारदर्शक रबरी चकत्यांऐवजी नमद्याच्या चकत्या लावा आणि महिन्यातून एकदा काच उचलून खालची ओल पुसा.

देव्हाऱ्याला तेलाचे ओघळ, काजळी आणि हळदीचे डाग. साबणाने पुसल्यावर हळद लाल झाली!
– एक वाचक, दादर

हळद क्षाराने लाल होते. कुंकू पूर्वी याच गुणधर्मावर, हळदीत चुना किंवा टाकणखार घालून, करत असत. म्हणजे तुमच्या साबणात सोडा होता. लाल झालेल्या जागी पाण्यात थोडा लिंबाचा रस घालून, कापड पिळून, एकदाच टिपा. रंग परत पिवळा होईल. लगेच साध्या पाण्याच्या कापडाने पुसून कोरडं करा. राहिलेला पिवळा डाग घासून काढायच्या फंदात पडू नका. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि स्पिरिट लावलंत तर तो पॉलिशसकट आणखी खोल पसरेल. पण हळदीला उजेड सोसत नाही. शक्य असेल तर देव्हारा, किंवा निदान निघणारी फळी, खिडकीजवळच्या भरपूर उजेडात काही दिवस ठेवा. रंग आपोआप फिका पडत जातो. कडक थेट उन्हात मात्र नको, लाकूड तडकेल.

तेल आणि काजळी यांचा क्रम उलटा चुकतो. लोक आधी ओल्या फडक्याने पुसतात आणि काजळी तेलात कालवून लाकडाच्या रेषांत भरतात. काजळी आधी कोरड्या मऊ ब्रशने खाली झाडायची, मग तेलाचा थर टर्पेंटाइन घेतलेल्या कापडाने, कापड दर वेळी पालटत, उचलायचा. टर्पेंटाइन वाळलेल्या चपडीला किंवा मेलामाइनला धक्का लावत नाही. त्या दिवशी दिवा लावायचा तो पूर्ण वास गेल्यावरच, आणि वापरलेली फडकी बाहेर पसरून वाळवून मगच टाकायची. मेणबत्तीचं मेण सांडलं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून पाच मिनिटं वर ठेवा, कडक झालं की कार्डाने उडवा.

पुढे हे होऊ नये म्हणून समईखाली आणि निरांजनाखाली पितळी ताम्हण किंवा ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा. आतून छताला काळं वर्तुळ पडत असेल तर ज्योत फार जवळ आहे. तिथे पॉलिश तापून भाजत असतं, नुसती काजळी नसते. दिवा पुढे सरकवा, छतापासून दीड फूट तरी सोडा.

समुद्रासमोरच्या इमारतीत राहतो. फर्निचर कायम चिकट लागतं आणि जुलैत कपाटाच्या पाठीला बुरशी येते. दर महिन्याला खोबरेल तेल लावतो तरी फरक नाही.
– एक वाचक, वरळी

तेल बंद करा, अर्धा चिकटपणा तिथेच संपेल. लॅकर केलेल्या लाकडात तेल मुरत नाही. थर बंद असतो, तेल वरच राहतं. खोबरेल तेल कधी वाळतही नाही, त्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांनी खवट वास सुटतो. जवसाचं तेल वाळतं, पण ते भिजलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकलं तर स्वतःहून पेट घेऊ शकतं, म्हणून घरात ते आणूच नये या मताचे आम्ही आहोत. लिंबू, व्हिनेगर आणि तेलाचं जे मिश्रण सगळीकडे सांगितलं जातं त्याने पहिल्या दिवशी चमकतं खरं. ती चमक तेलाची असते.

उरलेला चिकटपणा मिठाचा. खाऱ्या वाऱ्यासोबत येणारं मीठ पृष्ठभागावर बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. कोरड्या फडक्याने ते नुसतं पसरतं, त्याला पाणीच लागतं. म्हणून समुद्राकाठी पिळलेल्या ओल्या कापडाचं पुसणं महिन्याऐवजी आठवड्याला करा आणि लगेच कोरडं करा. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे लावून घ्या. लोखंडी स्क्रू गंजला की सागवानात त्याच्याभोवती काळं कडं उमटतं आणि ते सहजासहजी जात नाही.

बुरशी पाठीलाच का येते? कारण पाठीला पॉलिशच नसतं. कपाटाची दर्शनी बाजू चकचकीत आणि मागचा प्लायवूड उघडा, हीच बहुतेक घरांतली स्थिती. बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल तो प्लाय शोषतो. दारं वाकतात तीही याचमुळे, एका बाजूने पाणी शिरतं आणि दुसरी बाजू बंद असते. कपाट भिंतीपासून किमान दोन-तीन इंच सुटं ठेवा. नैऋत्येकडून मारा येणाऱ्या भिंतीला तर लावूच नका. कोरड्या दिवसांत पाठीला आणि आतल्या फळ्यांना सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रं बंद करणाऱ्या लेपाचे, दोन हात मारून घ्या. पैसे घालवायचेच तर दर्शनी बाजूच्या तिसऱ्या हातापेक्षा इथे घालवा.

आलेली बुरशी काढताना मास्क लावा, वस्तू गॅलरीत न्या, कोरड्या ब्रशने झाडा, मग वर दिलेल्या साबणपाण्याने पुसा आणि पंख्याखाली दिवसभर ठेवा. ब्लीच नको, रंग उडतो. बुरशी साधारण सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की वाढते आणि जुलैत मुंबईची हवा सहज ऐंशीच्या पुढे असते. त्यामुळे पुसणं हा तात्पुरता उपाय आहे. छोटं आर्द्रतामापक आणून कपाटात ठेवा, रोज तासभर दारं उघडी टाका, एसी असेल तर ड्राय मोडवर चालवा. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण रंग बदलला की त्या ओव्हनमध्ये तापवून वाळवाव्या लागतात. हे कोणी करत नाही, मग त्या नुसत्याच पडून राहतात. कापूर किंवा डांबरगोळ्या थेट पॉलिशवर ठेवू नका. कापूर हा नायट्रोसेल्युलोज मऊ करणाराच पदार्थ आहे, जुनं सेल्युलॉइड याच दोघांपासून बनायचं. एनसी लॅकरवर पडलेली वडी आपला ठसा सोडते. कापडात बांधून खुंटीला टांगा.

दार पावसात अडकलं तर सुताराला रंधा मारू देऊ नका. फुगलेलं लाकूड ऑक्टोबरात आक्रसतं आणि तेव्हा फट दिसते. अडणाऱ्या कडेवर मेणबत्ती घासा आणि दोन महिने काढा.

गणपतीच्या आधी चौरंग आणि हॉलमधलं फर्निचर पॉलिश करून घ्यायचं आहे. मेलामाइन बरं की पीयू?
– एक वाचक, मुलुंड

दोन्ही नकोत, कारण महिना चुकतो आहे. दर वर्षी श्रावणात पॉलिशवाल्यांचे फोन वाजत असतात आणि हवा त्या कामाला सगळ्यात वाईट असते. थिनर किंवा स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो. हवा आधीच दमट असेल तर त्या गार थरावर पाणी जमतं, थरात अडकतं आणि काम वाळल्यावर ढगाळ पांढरं दिसतं. एनसी आणि चपडीत हे सर्रास होतं. कारागीर मग थिनरमध्ये रिटार्डर घालतात, म्हणजे ते हळू उडतं आणि पाण्याला निघायला वेळ मिळतो. पण थर जास्त वेळ ओला राहिल्याने धूळ बसते. पीयूचा हार्डनर तर ओलीशीच क्रिया करतो आणि थरात बारीक बुडबुडे येतात. मेलामाइन वाळताना फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास सुटतो, आणि पावसामुळे खिडक्या बंद असताना पाहुण्यांना त्यात बसवणं बरं नव्हे. तासाभरात हाताला कोरडं लागलं तरी दोन्ही थर पूर्ण टणक व्हायला आठवडा लागतो.

यंदा फक्त स्वच्छ करून मेण लावा. मधमाश्यांचं मेण 50 ग्रॅम किसून घ्या, गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवा. वितळलं की गॅस बंद करा, वाटी ओट्यावरून लांब न्या आणि मगच त्यात 150 मिली टर्पेंटाइन ओता. गॅसजवळ हे करू नका, टर्पेंटाइनची वाफ पेटते. गार झाल्यावर मऊ लोण्यासारखा लेप होतो. अगदी थोडा कापडावर घ्या. एका चौरंगाला चहाचा पाव चमचा पुरतो. गोल फिरवत लावा, वीस मिनिटं थांबा, मग स्वच्छ कापडाने रेषांच्या दिशेने चमक येईपर्यंत चोळा. कापड ओढताना अडखळलं तर मेण जास्त झालं आहे, टर्पेंटाइनच्या बोळ्याने काढून पुन्हा सुरू करा. चपडी आणि एनसीला वर्षातून एकदा-दोनदा एवढं पुरे. पीयूला मेणाची गरजच नाही. बाजारातले चकाकीचे स्प्रे टाळा, त्यांतल्या पुष्कळांत सिलिकॉन असतं. ते रेषांत शिरून बसलं की पुढच्या वेळी नवं पॉलिश तिथे धरत नाही, गोल खड्डे पडतात. पॉलिशवाले त्याला फिशआय म्हणतात.

चौरंगावर मूर्तीखाली पाट किंवा कापड असू द्या, फुलांचं आणि दूर्वांचं पाणी रोज टिपा.

खरं पॉलिश दसऱ्यानंतर, ऑक्टोबरचा पाऊस पुरता गेला की. कारागिराला तीन गोष्टी आधी विचारा : जुना थर पूर्ण काढणार की त्यावरच मारणार, सीलरनंतर कितव्या नंबरच्या पेपरने घासणार, आणि दोन हातांमध्ये किती तास सोडणार. व्हिनियरवर मशीनचा पेपर लावू देऊ नका. तो थर अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो, कडेला पटकन प्लाय उघडा पडतो. काम झालं की उरलेल्या मालाची लहान बाटली मागून घ्या आणि मालाचं नाव, शेड आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा. पुढच्या ओरखड्याच्या वेळी ती चिठ्ठी पहिल्या प्रश्नातल्या सगळ्या चाचण्या वाचवेल.

शेजाऱ्यांकडून घेतलेल्या संखेडा झोपाळ्यावरची सोनेरी नक्षी हाताच्या जागी चंदेरी दिसायला लागली आहे. सोनेरी रंग लावून मिळेल का?
– एक वाचक, घाटकोपर

रंग लावू नका. तो कधी सोनेरी नव्हताच. वडोदऱ्याजवळच्या संखेड्याच्या पारंपरिक कामात नक्षी कथिलाची असते आणि तिच्यावर लाखेचा पिवळसर थर चढवतात. त्या थरातून कथील सोन्यासारखं दिसतं. हाताच्या घामाने आणि घासण्याने तिथली लाख झिजली, म्हणून खालचा धातू आपल्या रंगात दिसतो आहे. आता तो उघडा आहे, आणखी घासलंत तर नक्षीही जाईल.

झिजलेल्या जागी चपडीचा पातळ हात देता येतो, पण ब्रश किंवा पुरचुंडी फिरवली की स्पिरिटने शेजारची जुनी लाख आणि तिच्याखालचा रंगही हलतो. त्यामुळे हे काम संखेड्याचं काम करणाऱ्याकडेच द्या. तोपर्यंत मऊ कोरडं कापड, आणि मळ असेल तर नुसत्या पाण्याचं घट्ट पिळलेलं. मेण, स्पिरिट, सॅनिटायझर, काहीच नको. झोपाळा गॅलरीत असेल तर आत घ्या, उन्हात लाख मऊ होते आणि बसणाऱ्याच्या कपड्यांची वीण तिच्यावर छापली जाते. नव्या काही झोपाळ्यांवर वरून मेलामाइनचा पारदर्शक हात असू शकतो. तुमचा तसा असता तर नक्षी इतक्या लवकर उघडी पडली नसती.

थोडक्यात उत्तरं

*पीयूच्या काळ्या चकचकीत शटरवर उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा* (पवई) : कोरड्या पुसण्याच्या आहेत. मोटारींच्या दुकानातलं सगळ्यात बारीक रबिंग कंपाउंड ओलसर फोमवर वाटाण्याएवढं घेऊन फूटभर जागेत फिरवा. कडांवर जोर देऊ नका, तिथे थर सगळ्यात पातळ असतो. मॅट फिनिशवर हे करायचं नाही, चकचकीत डाग पडतो आणि मॅट परत येत नाही.

*कपाटाखाली रोज पिठासारखी पूड* (अंधेरी) : पॉलिशचा दोष नाही, भुंगा आहे. तो सहसा सागाच्या गाभ्यात नसतो, कच्च्या पांढऱ्या लाकडात किंवा पट्ट्यांत असतो. छिद्रांत मेण भरून झाकू नका. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून छिद्रांत औषध भरून घ्या, महिनाभर खाली काळा कागद ठेवा. नवी पूड पडली नाही तरच छिद्रं बुजवा.

*जपानहून आणलेले लाखेचे वाडगे आणि डबा* (माटुंगा) : ही आपली लाख नव्हे. आपली लाख किड्याची, ती एका झाडाच्या चिकाची. तो चीक दमट हवेतच पक्का होतो आणि पक्का झाल्यावर स्पिरिटलाही बधत नाही. त्यामुळे मुंबईचा पावसाळा त्याला मानवतो, एसीचा थेट झोत आणि ऊन मानवत नाही. कोमट पाणी, मऊ स्पंज, लगेच कोरडं. काथ्या, डिशवॉशर, मायक्रोवेव्ह नाही. पाण्यात भिजत घालू नका, तळाच्या कडेला लाकूड उघडं असेल तर तिथूनच थर सुटायला लागतो.